पोट लहान करण्याआधी

१. हा प्रश्न कुठून येतो

लातूर जिल्ह्यात वजनाचा विषय निघाला की बोलणं बहुधा दीक्षित डाएटवर येतं. यात नवल नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार त्यांनी गावोगाव नेला. कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत ताटावरून उठायचं, मधे पाणी किंवा पातळ ताकावर भागवायचं आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. २०१८ मध्ये राज्य सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी त्यांनाच सदिच्छादूत केलं. देवणी, उदगीर, निलंगा भागात अनेकांनी हा प्रयोग केला आणि कित्येकांना त्याचा उपयोगही झाला.

खरा प्रश्न उरलेल्यांचा आहे. शंभर-एकशेदहा किलो वजन, गुडघे बोलायला लागलेले, गोळ्या वाढवूनही साखर आवरत नाही, रात्री घोरता घोरता श्वास अडकतो. असं माणूस वर्षभर नेटाने पथ्य करतं, बारा किलो उतरवतं आणि पुढच्या वर्षी चौदा किलो परत चढवतं. मग लातूर, पुणे किंवा हैदराबादहून आलेला कुणी पाहुणा सांगतो, "ते पोटाचं ऑपरेशन करून घ्या, सुटाल." घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापायचं का? दुसरा म्हणतो, गडकरींनी केलंच की! सप्टेंबर २०११ मध्ये भाजपचे अध्यक्ष असताना नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं होतं, आणि ते त्याबद्दल मोकळेपणाने बोलतात.

पहिल्या तटाचं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. का, ते आधी पाहू.

२. उतरलेलं वजन परत का चढतं

दुष्काळात शहाणं घर काय करतं? खर्च आवळतं, लग्न पुढे ढकलतं. आणि पुढच्या साली पाऊस बरा झाला की आधी कणगी भरून घेतं, कारण मागच्या साली काय भोगलं ते विसरलेलं नसतं. आपलं शरीरही असंच वागतं. खाणं कमी झालं आणि वजन उतरू लागलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं. मग ते दोन गोष्टी करतं. बसल्या जागी जळणारी ऊर्जा कमी करतं आणि भूक वाढवतं.

अमेरिकेत दूरदर्शनवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा चालायची. तिच्यातल्या चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं वजन बऱ्याच अंशी परत आलं होतं, पण शरीराची काटकसर सुटली नव्हती. त्यांच्या वयाच्या आणि आकाराच्या माणसाने जाळावी त्यापेक्षा त्यांची शरीरं रोज सुमारे पाचशे कॅलरी कमी जाळत होती. आपल्या हिशेबात दोन-अडीच भाकरी. म्हणजे शेजाऱ्याइतकंच जेवूनही यांचं वजन वाढणार.

भुकेचीही तीच गत. १९९९ मध्ये जपानी संशोधक कोजिमा आणि कांगावा यांनी 'घ्रेलिन' हे संप्रेरक शोधलं. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागाला निरोप देणारं रसायन. घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि मेंदूला सांगतं, "भूक लागली." वजन उतरलं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. दहा-पंधरा किलो जास्त असलेल्या माणसाला ही भूक दाबून धरता येते. चाळीस-पन्नास किलो उतरवायचे असतील तर तिच्याशी जन्मभर झुंजावं लागतं आणि ती झुंज फार थोड्यांना जमते. यात चारित्र्याचा प्रश्न येतोच कुठे?

३. ऑपरेशनमध्ये काय करतात

ऑपरेशन म्हटलं की अनेकांना वाटतं, चरबी काढून टाकतात. तसं नाही. चरबी ओढून काढणं ही सौंदर्यासाठी केली जाणारी वेगळी शस्त्रक्रिया आहे आणि तिने मधुमेह सुधारत नाही. इथे हात लावतात तो जठराला, म्हणजे आपण बोलताना ज्याला पोटाची पिशवी म्हणतो तिला.

याची सुरुवात एका निरीक्षणातून झाली. जठरातल्या व्रणासाठी ज्यांचा जठराचा भाग कापून काढला जाई, ती माणसं पुढे वजन धरत नसत. आयोवा विद्यापीठातील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी हे हेरलं आणि १९६६ मध्ये केवळ वजनासाठी पहिलं 'गॅस्ट्रिक बायपास' केलं. आज आपल्याकडे प्रामुख्याने दोन पद्धती चालतात. दोन्ही दुर्बिणीतून, लहान छिद्रं पाडून केल्या जातात.

पहिली 'स्लीव्ह'. जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि उभी, अरुंद नळी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. काढलेल्या भागात घ्रेलिन तयार करणारा फुगीर भाग असतो, म्हणून जागा कमी होते तशी भूकही मंदावते. काढलेलं जठर परत बसवता येत नाही.

दुसरी 'बायपास'. जठराच्या वरच्या टोकाला साधारण तीस मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग चुकवून थेट पुढे जातं. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचलं की तिथून 'पोट भरलं' हा निरोप देणारी संप्रेरकं जास्त सुटतात. त्यांपैकी एकाचं नाव जीएलपी-१. ते लक्षात ठेवा, पुढे इंजेक्शनांच्या बोलण्यात पुन्हा येणार आहे.

दोन्ही पद्धतींचा खरा परिणाम जागा कमी करण्यापुरता नाही. शरीराचे निरोप बदलतात. दुष्काळ पडल्याची जी हाकाटी पथ्यानंतर उठते, ती या ऑपरेशनानंतर बरीच शांत राहते. म्हणूनच मी याला आळशाची पळवाट म्हणणार नाही.

४. वजन किती असलं की विचार करायचा

डॉक्टर बीएमआय नावाचा आकडा काढतात. वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करायचा आणि वजनाला त्याने भागायचं. पाच फूट तीन इंच, म्हणजे १.६० मीटर उंचीची बाई घेऊ. १.६० चा वर्ग २.५६. वजन ९६ किलो असेल तर ९६ भागिले २.५६, म्हणजे ३७.५.

जुना पाश्चात्त्य नियम असा : बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा आजार, तर ऑपरेशन. भारतीयांसाठी हे उंबरे अडीचने खाली धरतात, म्हणजे ३७.५ आणि आजार असेल तर ३२.५. का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली माणसं दिसायला बारीक असूनही आत चरबी बाळगतात आणि ती पोटाभोवती साठते. त्यामुळे मधुमेह आपल्याला कमी वजनातच गाठतो.

आता आपल्या बाईंचा हिशेब पुरा करू. भारतीय निकषाने ९६ किलोला ऑपरेशनचा विचार होऊ शकतो. मधुमेह असेल तर ८३ किलोलाच. पण विमा कंपनीचं गणित वेगळं आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांनुसार वय १८ पूर्ण हवं आणि बीएमआय किमान ४० हवा. आवाक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार असे आजार असतील तर ३५ चालतो. शिवाय साधे उपाय करून फसल्याचा पुरावा लागतो. म्हणजे याच बाईंना विम्यासाठी १०२ किलो, किंवा आजारासह ९० किलो भरावे लागतील. डॉक्टर 'करा' म्हणतात आणि विमा 'नाही' म्हणतो, असा हा मधला पट्टा आहे. काही लाखांचं बिल खिशातून भरण्याची पाळी पुष्कळदा येते ती इथेच. पथ्याचे, वजनाचे, औषधांचे जुने कागद जपून ठेवावेत ते यासाठी.

२०२२ मध्ये अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी उंबरा आणखी खाली आणला. आशियाई लोकांना २७.५ पासून ऑपरेशनचा पर्याय द्यावा असं त्यांनी म्हटलं. आपल्या उदाहरणात हे जेमतेम सत्तर किलो होतात. त्या वजनाला, साखर औषधांनी आवरत असताना, देवणीतून उठून कुणी ऑपरेशनला जाऊ नये असं माझं मत आहे. त्याचं कारण सातव्या भागात येईल.

५. हाती काय लागतं

बाईंचं वजन १०४ किलो धरू. चांगल्या ऑपरेशनानंतर वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाचा साधारण पाव ते तीस टक्के भाग उतरतो, म्हणजे २६ ते ३१ किलो. त्या ७५ च्या आसपास येऊन थांबतील. बारीक दिसणार नाहीत, कातडी लोंबेल. पण जिना चढतील, शेतात जातील. ज्यांना लग्नाच्या फोटोतलं वजन परत हवं आहे त्यांनी हा आकडा आधीच मनात बसवून घ्यावा.

टिकाऊपणाचा सर्वांत लांब हिशेब स्वीडनने ठेवला आहे. १९८७ पासून तिथे ऑपरेशन केलेल्या सुमारे दोन हजार आणि न केलेल्या तितक्याच लठ्ठ माणसांवर नजर ठेवली गेली. बायपास केलेल्यांचं वजन दहा वर्षांनीही सरासरी पाव हिश्श्याने कमीच होतं. न केलेल्यांपेक्षा ऑपरेशन केलेले सरासरी तीन वर्षं जास्त जगले. त्याच अभ्यासाने हेही सांगितलं की सर्वसाधारण लोकांच्या मानाने त्यांचं आयुष्य तरीही साडेपाच वर्षांनी कमीच राहिलं.

मधुमेहाची गोष्ट याहून रोचक आहे. अमेरिकेतल्या ग्रीनव्हिल इथले शल्यविशारद वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये दाखवलं की बायपासनंतर बहुतेक मधुमेहींची साखर ताळ्यावर येते, तीही कित्येकदा वजन उतरण्याआधी, काही दिवसांतच. तेव्हा यावर पटकन विश्वास बसेना. पुढे क्लीव्हलँडमध्ये दीडशे मधुमेहींवर नीट चाचणी झाली. पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सहाच्या आत ठेवू शकले ते बायपासवाल्यांत २९ टक्के, स्लीव्हवाल्यांत २३ टक्के आणि केवळ औषधांवर असलेल्यांत ५ टक्के. फरक मोठाच आहे. पण उरलेले सत्तर टक्केही ध्यानात घ्या. मधुमेह जुना असेल, इन्सुलिन सुरू असेल, तर तो पुरता जाण्याची आशा कमी. 'शुगर कायमची जाते' असं छातीठोक सांगणाऱ्यावर विसंबू नका.

६. जिवाला धोका किती

अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांत पावणेपाच हजार रुग्णांची नोंद ठेवली गेली आणि २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ऑपरेशननंतर तीस दिवसांत दगावण्याचं प्रमाण हजारात तीन होतं. तज्ज्ञ हातांत हे ऑपरेशन लोक समजतात तितकं भयंकर नाही.

आपल्याकडे भीती बसली ती बरीचशी बातम्यांमुळे. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानातून मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं गेलं. वजन पाचशे किलोच्या घरात होतं असं सांगितलं जात होतं. मार्चमध्ये स्लीव्ह झाली, मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरात हृदय आणि मूत्रपिंडाच्या आजारांनी त्या गेल्या. ती वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या, एरवीही मरणाच्या दारात असलेल्या बाईची कहाणी होती. तिच्यावरून शंभर किलोच्या, चालत्याफिरत्या माणसाने आपला अंदाज बांधू नये.

७. देवणीला परतल्यावर

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथे. ऑपरेशन दोन तासांचं असतं, रुग्णालयात मुक्काम दोन-चार दिवसांचा. त्यानंतरची वीस-तीस वर्षं माणूस आपल्या गावात असतो. ऑपरेशन करणारं केंद्र पुण्यात किंवा हैदराबादेत असतं आणि पोटात दुखायला लागतं ते देवणीत, रात्री दोन वाजता.

आधी जेवण. पिशवी आता फार तर चहाच्या कपाएवढी. पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ, मग घट्ट असं चढत जावं लागतं. जेवताना पाणी नाही, पाणी अर्ध्या तासाने, घोट घोट. आणि रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात, केस गळतात. आपल्याकडच्या ताटात हे जमतं का, करून पाहू. दोन अंडी १२ ग्रॅम. दोन पेले दूध १३. वाटी-वाटी करून दोनदा घट्ट वरण ११. पन्नास ग्रॅम पनीर ९. पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या १३. बेरीज ५८, म्हणजे साठाच्या काठाला दोन कमीच. यात भाकरी अजून आलेलीच नाही! म्हणून क्रम उलटा करावा लागतो : आधी वरण, अंडं, दूध, भाकरी शेवटी, जागा उरली तर. सोयाबीनच्या पट्ट्यात राहून सोयाबीन फक्त अडतीवर नेऊन विकायचं, ही सवय निदान या घराने मोडावी.

बायपासनंतर गोड खाल्लं तर ते आतड्यात एकदम उतरतं. घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. लग्नसराईत हे कुणाला समजावून सांगणं अवघड जातं, पण आग्रह मोडावाच लागतो. दारू तर फार लवकर आणि फार जास्त चढते, आणि व्यसनाचा धोका वाढतो.

मग जीवनसत्त्वं. बी-१२ शोषायला जठरातून स्रवणारं एक खास प्रथिन लागतं, आणि ऑपरेशनानंतर ते कमी पडतं. त्यात शाकाहारी माणसांमध्ये आपल्याकडे बी-१२ आधीच तुटपुंजं. फसवणूक अशी की यकृतातला साठा दोन-तीन वर्षं पुरतो. तोवर माणसाला वाटतं, आपण ठणठणीत आहोत, गोळ्या कशाला? फेऱ्या बंद होतात आणि त्याच सुमाराला तळपायांना मुंग्या येऊ लागतात. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाचंही तसंच. गोळ्या जन्मभर, रक्ततपासणी पहिल्या वर्षी दर तीन-सहा महिन्यांनी, पुढे वर्षाला एकदा. रक्ताचे नमुने उदगीर-लातूरला देता येतात, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. पण अहवाल वाचून औषध बदलणारा कुणीतरी ठरलेला हवा.

बी-१ ची गोष्ट याउलट आहे. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. ऑपरेशनानंतर कुणाला आठवडाभर उलट्या होत राहिल्या तर गावात काय होतं? अशक्तपणा आला म्हणून सलाईन लावतात, तीही ग्लुकोजची. बी-१ संपलेलं असताना ग्लुकोज शिरेतून गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे तिरळे होतात, तोल जातो, स्मृती जाते. आधी बी-१ चं इंजेक्शन आणि मग ग्लुकोज, एवढा क्रम पाळला तर हे टळतं. रुग्णाच्या घरच्यांनीही हे तोंडपाठ करावं.

गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी बायपासवाल्यांनी घेऊ नये. जोडाच्या ठिकाणी व्रण पडतो, फुटतोही. तंबाखू आणि बिडीनेही तेच होतं. पहिल्या दोन आठवड्यांत ताप, पोटदुखी आणि नाडी १२० च्या वर गेली तर शिवण गळत असल्याची शंका घ्यायची आणि सकाळची वाट न पाहता निघायचं. बायपासनंतर काही वर्षांनीही आतडं आत अडकू शकतं. असह्य कळ येते, उलट्या होतात, आणि ऑपरेशनची माहिती नसलेले डॉक्टर ॲसिडिटी समजून इंजेक्शन देतात. मुली-सुनांच्या बाबतीत आणखी एक : ऑपरेशनानंतर बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, हे अनेकींना आधी कुणी सांगतच नाही.

८. मग इंजेक्शनंच का घेऊ नयेत?

जीएलपी-१ सारखं काम करणारी औषधं आता भारतात आली आहेत. टिर्झेपेटाइड, म्हणजे माउंजारो, मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं वेगोव्ही जून २०२५ मध्ये. आठवड्याला एक इंजेक्शन. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपेटाइडच्या मोठ्या मात्रेने सुमारे २१ टक्के वजन उतरलं. बीएमआय ३०-३५ च्या माणसाने ऑपरेशनआधी यांचा विचार जरूर करावा. अडचण एकच, औषध थांबवलं की भूक परत येते. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. जन्मभराचा मासिक खर्च आणि एकदाच होणारा मोठा खर्च यांची बेरीज घरात बसून कागदावर मांडावी. चाळीसच्या वरच्या बीएमआयला मात्र आजही ऑपरेशनाइतका टिकाऊ उपाय दुसरा नाही.

९. होकार देण्याआधी

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपण बहुधा खर्चापासून सुरू करतो. मी वेगळी सुरुवात सुचवीन. तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? आहारतज्ज्ञ मराठीत बोलतात का, आणि भाकरी-वरणाच्या हिशेबात तक्ता देतात का? तीन वर्षांनी माझ्या रक्ताचा अहवाल कोण पाहणार, तो फोनवर पाठवला तर चालेल का? रात्री दुखलं तर कोणत्या नंबरवर माणूस भेटेल? गुंतागुंत झाली तर लातूर किंवा नांदेडला कुणाकडे जायचं, त्यांच्याशी तुमचं बोलणं झालेलं आहे का? यातल्या एकाही प्रश्नाला 'ते बघू पुढे' असं उत्तर आलं तर दुसरं केंद्र शोधा. कितीही सवलत मिळत असली तरी.

मनाचीही तपासणी करून घ्या. दारूचं व्यसन, उपचार न झालेलं नैराश्य, रात्री उठून ताबा सुटेपर्यंत खाणं यांपैकी काही असेल तर आधी त्यावर इलाज, मग ऑपरेशन. ते लपवून टेबलावर झोपलेल्यांचं वजन परत चढण्याचा धोका मोठा असतो.

आणि ऑपरेशन ठरलंच तर घरी परतण्याआधी रुग्णालयाकडून मराठीत एक कार्ड लिहून, पक्कं करून घ्या. ऑपरेशनचं नाव, स्लीव्ह की बायपास, आणि तारीख. उलट्या होत असतील तर ग्लुकोजआधी बी-१. डायक्लोफेनॅक देऊ नये. नाकातून नळी आंधळेपणाने घालू नये. शल्यविशारदांचा फोन. एक प्रत रुग्णाच्या पाकिटात, एक गावातल्या डॉक्टरांकडे, एक घरात आधारकार्डांच्या पिशवीत.